ऐंशी मीटर कोरं कापड

सुकलाल दिवसाला चाळीस साड्या नेसायचा. लग्नसराईत साठ.

यात हसण्यासारखं काही नाही. सुरतेत रिंग रोडच्या कापड मार्केटात बाहेरगावचा व्यापारी गादीवर येऊन बसतो, चहा पितो आणि म्हणतो, दाखवा. घडीतली साडी त्याला कळत नाही. ती अंगावर पडली की पदर कुठे येतो, काठ कसा वळतो, निऱ्यांत डिझाइन मरतं का राहतं, हे त्याला बघायचं असतं. दुकानात बाई ठेवायची पद्धत नाही, मग गडीच नेसतो. पँटवरून कमरेला काळी नाडी करकचून बांधलेली. तिच्यात साडी खोचायची, डाव्या हाताच्या बोटांवर निऱ्या घ्यायच्या, पदर खांद्यावर टाकायचा, एक गिरकी मारायची की झालं. सुकलालला या सगळ्याला पस्तीस सेकंद लागत. मगनशेठने एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं आणि तो आकडा मग आल्यागेल्याला ऐकवायचा, जणू सुकलाल म्हणजे त्याने नवी घेतलेली मोटारसायकल.

गोडादऱ्यातल्या त्याच्या गल्लीत मात्र हे कुणाला ठाऊक नव्हतं. गल्ली सगळी लूमवाल्यांची. पुरुष बारा तास खडखडाटात उभे राहून कानाने अधू होऊन परतत, केसांत कापसाचे तंतू. सुकलाल तेवढा इस्त्रीच्या शर्टात परत यायचा. सेल्समन! चंचलला, त्याच्या बायकोला, नवरा साड्या दाखवतो एवढं माहीत होतं. कशा दाखवतो ते तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

सांगणार कसा? त्याचं लग्न साट्यालोट्याचं होतं. शहरातल्या वाचकाला हे समजावून सांगायलाच हवं. आईबाप गेलेले, पदरी धाकटी बहीण रुक्मिणी, हुंड्याला दमडी नाही. अशा वेळी खानदेशात, जिथून हे सगळे सुरतेला आलेले, एक सोपी तोड काढतात. तुमची मुलगी आमच्या मुलाला, आमची तुमच्या मुलाला. बारडोलीला साखर कारखान्यावर ऊसतोडीची टोळी चालवणारा मुकादम भाईदास, त्याची मुलगी चंचल सुकलालला दिली आणि त्याचा मुलगा भगवान याला रुक्मिणी. एका मांडवात दोन लग्नं, एकच जेवणावळ. सगळे म्हणाले, पोरानं डोकं चालवलं.

डोकं चाललं, पण पाय बांधले गेले. साट्याचा नियम असा की आमच्या मुलीला तुम्ही जसं वागवाल तसं तुमच्या मुलीला आम्ही वागवू. पहिल्याच वर्षी डाळ खारट झाल्यावरून सुकलाल काहीतरी बोलला, चंचल तणतणत बारडोलीला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी रुक्मिणी पत्र्याची पेटी घेऊन दारात हजर. तिचं नवऱ्याशी काही बिनसलं नव्हतं. भांडण गोडादऱ्यात, बोचकं बारडोलीतून. पंधरा दिवसांनी चंचलला आणलं तेव्हा रुक्मिणीला परत जाता आलं. बारडोलीच्या एस.टी. स्टँडवर दोघी एकमेकींसमोरून गेल्या. एक उतरत होती, एक चढत होती.

त्यानंतर सुकलाल घरात आवाज चढवेनासा झाला. आमटी आळणी असो, शर्ट जळो, तो म्हणायचा, चालतंय. गल्लीतल्या बायका चंचलचा हेवा करत. शेजारची मंगलाबाई साड्यांवर टिकल्या चिकटवता चिकटवता म्हणाली, "तुना नवरा देवमाणूस शे व माय."

चंचल म्हणाली, "देवाशी संसार करून बघा एकदा."

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर जयश्रीबेन दुकानात आली. बडोद्याची, तिथल्या जुन्या मराठी घरातली, चाळिशीला टेकलेली, कापलेले केस, पायांत कोल्हापुरी. तिला ऐंशी मीटर कोरं कापड हवं होतं, रंगायला जाण्याआधीचं, गिरणीतून निघालेलं तसंच. मगनशेठ म्हणाला, "बेन, आम्ही तयार साडीवाले. कोरं कापड मागच्या गल्लीत." पण ती उठेना. समोर सुकलाल पाटण्याच्या व्यापाऱ्यासाठी एकामागून एक साड्या नेसत होता. ती मांडी घालून बसली ती बाविसाव्या साडीपर्यंत.

व्यापारी गेल्यावर तिने सुकलालला विचारलं, "हेच पुन्हा कराल? साडीशिवाय?"

"साडीशिवाय काय नेसणार, बेन?"

"काही नाही. नुसते हात."

सुकलालने शेठकडे पाहिलं. शेठने मान डोलावली. फुकटची करमणूक कोण सोडतो? सुकलालने रिकाम्या हवेत निऱ्या घातल्या, नसलेला पदर खांद्यावर टाकला, गिरकी घेतली. सात वर्षांत त्याने स्वतःचे हात पाहिले नव्हते, कारण हातात नेहमी साडी असायची आणि बघणाऱ्याची नजर साडीवर. आता ते हात उघडे पडले. बाजूच्या दुकानातला मुनीम गल्ला सोडून बघायला आला.

"थांबा," जयश्रीबेन म्हणाली. "तो डावा हात परत."

आजवर कुणी त्याला परत म्हटलं नव्हतं. लोक म्हणायचे, पुढची.

जयश्रीबेन नाटकवाली नव्हती, नाचवालीही नव्हती. दोन्हींचं थोडं थोडं घेऊन तिसरंच काहीतरी करायची. रंगमंच नको, पडदा नको, गाणं नको. जिथे माणूस रोज वावरतो ती जागा घ्यायची, तो रोज करतो ती हालचाल घ्यायची, आणि ती ताणत ताणत अशा टोकाला न्यायची की बघणाऱ्याला रोजचंच अनोळखी वाटावं. बडोद्याला तिने हे धोबीघाटावर केलं होतं. आता तिला मार्केटचा रॅम्प हवा होता. तळमजल्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत गोल फिरत जाणारा, हमाल ज्यावरून कापडाच्या गाड्या ढकलत नेतात तो. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सुरत झाडूनपुसून लख्ख झाली होती, शेठलोकांना शहराचं नाव बरं व्हायला हवं होतं, मार्केटच्या मंडळाने परवानगी दिली. मगनशेठ तर खूश. "अल्या सुकलाल, आ तो मफतनी जाहेरात छे!"

प्रयोग साधा होता. ऐंशी मीटरचा तागा, म्हणजे पंधरा साड्यांचं कापड. खाली चार हमाल ते सोडत राहणार. वर सुकलाल ते नेसत राहणार. पहिल्यांदा नीट साडी, निऱ्यापदरासकट. पण साडी संपत नाही. मग दुसरी तिच्यावर, तिसरी, चौथी. पुढे हात आत जातात आणि तो नुसता गिरक्या घेत कापड ओढत राहतो, शेवटी विकणाऱ्याचंच गाठोडं होऊन रॅम्पवर उभं राहतं. जयश्रीबेनने त्याचा अर्थ सांगायला सुरुवात केली तेव्हा सुकलाल म्हणाला, "बेन, ते राहू द्या. पाऊल कुठे टाकायचं ते सांगा."

मार्केट रविवारी बंद. चार रविवार तालीम झाली. घरी त्याने सांगितलं, माल उतरवायला जातो. पहिल्या रविवारी तो सतराव्या गिरकीला पडला. दुसऱ्या रविवारी नंदुरबारकडचा हमाल दत्तू म्हणाला, "सुक्या, तोंड बंद कर, माशी जाईल." कारण सुकलाल हसत होता. त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. गिरक्या घेताना डोक्यात चंचल नसे, रुक्मिणी नसे, भाईदास तर नसेच. आठवड्यातले तेवढे दोन तास त्याच्या हलण्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग मंडळाने हौसेने पत्रकं छापली. वर चित्र काढलं: मिशीवाला पुरुष, अंगावर साडी. खाली वेळ, रविवार दुपारी चार. ही पत्रकं रिक्षांत वाटली गेली आणि गुरुवारी एक गोडादऱ्याच्या पानटपरीवर चिकटलं.

सुकलालला ते कामावरून परतताना दिसलं. चंचलने ते पाहिलं तर? ती चिडेल, माहेरी जाईल, आणि रुक्मिणी पेटी घेऊन येईल. या वेळी रुक्मिणी एकटी नव्हती. तिची मुलगी रूपाली दीड वर्षाची झाली होती.

त्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी मोठी शक्कल लढवल्याच्या तोऱ्यात चंचलला म्हणाला, "चार दिवस बारडोलीला जाऊन ये. आबांना भेटून किती दिवस झाले तुला."

चंचल बघतच राहिली. "अचानक?"

"अचानक कसलं? जा. दुकानात सीझन आहे, मी काय घरी नसतोच."

त्याने चौकातून घारी ही सुरती मिठाई आणली, तुपाने डबा ओघळत होता. शनिवारी सकाळी तिला स्वतः एस.टी.त बसवलं, खिडकीपाशी जागा धरून दिली. ना भांडण, ना रुसवा. प्रेमाने पाठवली. यात कुठे साट्याचा नियम मोडला?

मोडला होता. एवढा शहाणा माणूस, आणि त्याला साधी गोष्ट सुचली नाही. सासुरवाशीण माहेरी जाते तेव्हा तिला न्यायला माहेरचं माणूस येतं, भाऊ नाहीतर काका. त्याला मुराळी म्हणतात. गोडादऱ्यातल्या बायका लिंबायतला, स्टेशनला एकट्या जात, पण माहेरी मुराळ्याशिवाय जात नसत. मुराळ्याशिवाय आलेली म्हणजे हाकललेली. सुकलालला आईबाप नव्हते, रुक्मिणीला न्यायला नेहमी तोच जायचा, हे त्याने हजारदा केलं होतं. फक्त दुसऱ्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं.

भाईदास ओसरीवर बसला होता. मुलगी एकटी, हातात पिशवी, दुपारच्या उन्हात.

"कोण आणायला आलं होतं तुला?"

"कोणी नाही, आबा. त्यांनी बसवून दिलं."

"भांडण?"

"नाही हो. खरंच नाही. घारी दिली आहे बघा तुमच्यासाठी."

इथे घारीने घात केला. मारलेल्या पोरी असंच म्हणतात, काही झालं नाही, आणि मारणारे जावई मिठाई पाठवतात, हे भाईदासने साठ वर्षं पाहिलं होतं. चंचलने तीनदा सांगितलं, रडून सांगितलं. रडली म्हणजे तर खात्रीच झाली. रविवारी सकाळी त्याने सुनेची पेटी स्वतः उचलून स्टँडवर नेली. रूपाली त्याच्या बायकोच्या कडेवर राहिली. मागच्या वेळी मूल नव्हतं. आता होतं, आणि मूल ज्या घरचं त्या घरचं.

रुक्मिणी दीड वाजता गोडादऱ्याला पोचली. दाराला कुलूप. मंगलाबाई टिकल्यांचा डबा बाजूला ठेवून उठली. "तो तर मार्केटात गेला, माल उतरवायला. थांब घरात." पण ती थांबण्याच्या अवस्थेत नव्हती. मंगलाबाईने तिची पेटी ठेवून घेतली आणि तिला शटल रिक्षात कोंबलं. मार्केटचं नाव रिक्षावाल्याला माहीत होतं, पण बंद मार्केटात भावाला शोधण्यात तिचा वेळ गेला.

चार वाजता रॅम्पवर शेसव्वाशे लोक होते. कॉलेजची पोरं, दोन वार्ताहर, शेठ, त्यांच्या बायका खुर्च्यांवर, कठड्यांवर हमाल. सुकलालने पहिली साडी नेसली तेव्हा हमालांनी शिट्ट्या मारल्या. तिसऱ्या साडीला शिट्ट्या थांबल्या. सहाव्याला नुसता कापड सरकल्याचा आवाज राहिला. हात आत गेले. तो गिरक्या घेत होता, हळू, पावलं मोजून, कापड खालून वर येत होतं आणि त्याच्या अंगात शिरत होतं. साठ मीटर झाले असतील. छाती दाबली गेली होती, पण तालमीत दाबली जायची तेवढीच.

"भाऊ!"

त्याला वाटलं भास झाला.

"भाऊ! मनी पोर तठेच राखी लिधी! माले एकलीले गाडीमा बसाडी दिधं!"

रुक्मिणी लोकांना ढकलत वर येत होती. डोक्यावरचा पदर पडला होता, एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. भावाचं काय चाललंय हे तिने पाहिलं की नाही कोण जाणे. तिने ते गाठोडं दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. "चाल ना भाऊ! उभा काय राहिना!"

सुकलालने हात उचलायचा प्रयत्न केला. हात उचलले गेले नाहीत. पाय टाकायला गेला, पाय सुटले नाहीत. "सोडा!" तो ओरडला. "मला सोडा! कापड काढा!"

टाळ्या पडल्या.

खुर्चीवरची एक शेठाणी शेजारणीला म्हणाली, "केटलुं साचुं लागे छे!" किती खरं वाटतंय म्हणे. वार्ताहराने तीन फोटो घेतले. जयश्रीबेन कठड्याला टेकून उभी होती. हे आपण बसवलेलं नाही, हे तिला ठाऊक होतं. अहिराणी तिला कळत नव्हती, पण बाईचं रडणं कळायला भाषा लागत नाही. तरी ती मिनिटभर हलली नाही. ते मिनिट तिच्या सगळ्या कामाहून सरस होतं, म्हणून हलली नाही. हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं, तेवढा प्रामाणिकपणा तिच्यात होता.

दत्तू हमालाला अहिराणी कळत होती. त्याने खालून तागा फेकून दिला आणि वर धावला. "अरे टाळ्या काय वाजवता, भडव्यांनो, खरं आहे हे!" त्यावर आणखी टाळ्या पडल्या. जेवढ्या गिरक्यांनी कापड चढलं तेवढ्याच गिरक्यांनी ते उतरायला हवं होतं. दत्तू टोक ओढत होता, सुकलाल उलटा फिरत होता, दोनदा गुडघ्यावर पडला, रुक्मिणी भोवती फिरत रडत होती, आणि लोक श्वास रोखून बघत होते. मग जयश्रीबेन कात्री घेऊन आली आणि तिने पाठीवरून सरळ कापत नेलं.

संध्याकाळी सात वाजता बहीणभाऊ बारडोलीच्या ओसरीवर उभे होते. सुकलालच्या कमरेला काळी नाडी तशीच होती.

"मामा," सुकलाल सासऱ्याला म्हणाला, "चंचलला मी हाकललं नाही. विचारा तिला."

"तिनं सांगितलं," भाईदास म्हणाला. "मग एकली काबर उनी? तुम्हाला घरात काय करायचं होतं, ती नको होती ते?"

खोटं बोलायला जागा होती. दारू म्हणाला असता, पत्ते म्हणाला असता, तर भाईदासने दोन शिव्या देऊन सोडलं असतं. पुरुषांची व्यसनं त्याला समजत. पण दिवसभराने सुकलालमधलं खोटं बोलणारं काहीतरी थकलं होतं. त्याने सगळं सांगितलं. दुकान, चाळीस साड्या, रॅम्प, बडोद्याची बाई. भगवान जमिनीकडे बघत राहिला. चंचल दाराच्या चौकटीत होती, ती बापाकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती.

भाईदास दुष्ट नव्हता. त्याच्या टोळीत चाळीस कोयते, म्हणजे चाळीस तोडकरी जोडपी होती आणि ती मुकादमाला हसायला भीत नसत. त्याला त्या हसण्याची भीती वाटली, एवढंच. त्याने बायकोच्या कडेवरून रूपालीला घेतलं, ती पेंगत होती, आणि सुकलालसमोर धरलं.

"हात ठेवा हिच्या डोक्यावर. म्हणा, साडी अंगाला लावणार नाही. दुकानात नाही, तमाशात नाही."

"दुकान माझं पोट आहे, मामा."

"पोट दहा ठिकाणी भरतं."

रुक्मिणीचे हात नुसते पुढे आले होते, पोर घ्यायला, आणि तसेच अर्धवट थांबले होते. सुकलालने भाचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं. रूपाली आईकडे गेली.

दुसऱ्या दिवशी तो चंचलला घेऊन निघाला. रस्त्यात उसाच्या गाड्यांनी एस.टी. दोनदा अडवली. कडोदऱ्याजवळ ती म्हणाली, "टपरीवरचं चित्र मी गुरुवारीच पाहिलं होतं. मिशी तुमचीच वाटली."

सुकलालने मान वळवली.

"मला सांगितलं असतं, मला चार दिवस तिकडे जाऊ दे, तर मी भगवानभाऊला मुराळी बोलावून घेतला असता. आबांच्या घराजवळच्या पेट्रोलपंपावर फोन केला असता की आला असता तो. एवढंच लागत होतं. तुम्ही बोललाच नाहीत, मग भावाला काय सांगून बोलावणार होते?"

"तू चिडली असतीस."

"चिडले असते. मग काय? चिडून जेवायला वाढलं असतं." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "सहा वर्षं झाली. तुम्ही माझ्याशी बोलता का बारडोलीशी, मला कळतच नाही."

सोमवारी दुपारीच मगनशेठने हिशेब चुकता केला. नेसणार नाही तर गादीवर काय करणार? सुकलाल पलसाण्याच्या एका डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, लागला. ओलं कापड यंत्रातून बाहेर पडतं, ते दोन्ही हातांनी धरून ट्रॉलीत थरावर थर पाडायचं. बारा तास. वाफ अशी की समोरचा माणूस दिसत नाही. सहा महिन्यांत त्याच्या नखांखालचा निळा रंग धुऊन जाईनासा झाला. बारडोलीला सगळं सुरळीत होतं. रूपाली बोलू लागली होती.

उन्हाळ्यात बडोद्याहून पत्र आलं. सुकलालला देवनागरी वाचता येत होती, पण आता संध्याकाळी डोळे चुरचुरत, म्हणून चंचलने वाचलं. जयश्रीबेनला दिल्लीहून बोलावणं होतं. तिथल्या रेल्वे गोदामाच्या उतारावर तोच प्रयोग करायचा होता. तुमच्याशिवाय होणार नाही, तुमच्या बहिणीची मी माफी मागते, त्या दिवशी मी आधी हलायला हवं होतं. भाडं पाठवते. कळवा.

चंचलने कागद खाली ठेवला. "काय लिहू?"

"येत नाही लिही."

"कारण?"

"कारण लिहू नको."

ती भिंतीला टेकून, मांडीवर ताट उपडं घालून पोस्टकार्डावर लिहू लागली. सातवीपर्यंत शिकली होती, अक्षर टपोरं होतं, एकेका ओळीला वेळ लागत होता. लिहून झाल्यावर तिने कार्ड त्याच्यापुढे धरलं. सुकलालने डोळे बारीक करून वाचलं. नमस्कार, पत्र पोचलं, इकडे सर्व ठीक. सध्या येणं जमणार नाही.

"सध्या कशाला लिहिलं?"

चंचलने कार्ड परत घेतलं, त्याच्यावर पत्ता घातला आणि चप्पल पायात सरकवली. "टपालाची पेटी उघडायची वेळ झाली," ती म्हणाली. "टाकून येते."